पाटीवरचा ‘ल’

जे क्षरत नाही ते अक्षर, अशी व्युत्पत्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. ती शास्त्रकारांनी परब्रह्माकडे दृष्टी ठेवून केली असेल. नागपुरातील दुकानांच्या पाट्यांकडे पाहून केली नसावी, हे निश्चित. येथे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांशी सलगी करतो, त्यामागून मृगाच्या सरी येतात, आणि असे चार-पाच उन्हाळे-पावसाळे सोसल्यावर पाटीवरचे तांबडे अक्षर प्रथम गुलाबी होते, मग फिके पडते, आणि अखेर पत्र्याच्या गंजात मिसळून जाते. ग्रंथातील अक्षरास ग्रंथालय असते, ताम्रपटावरील अक्षरास केव्हा ना केव्हा संशोधक भेटतो. पाटीवरील अक्षरास मात्र वाचणारे हजारो असून पाहणारा बहुधा एकही नसतो. वस्तुतः शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी आईच्या कडेवर बसून मूल जी पहिली अक्षरे पाहते, ती पुष्कळदा पाटीवरचीच असतात. आपल्या नकळत आपली दृष्टी घडविणाऱ्या या अल्पायुषी अक्षरांविषयी चार शब्द लिहावे, असे आमच्या मनात बरेच दिवस घोळत होते. एका स्नेह्यांच्या प्रश्नाने त्यास निमित्त मिळाले.

हे स्नेही सक्करदऱ्यास आमच्या शेजारी राहतात. त्यांची कन्या उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षास आहे. एके सायंकाळी ते आमच्याकडे येऊन बसले आणि थोड्या संकोचाने म्हणाले, “इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेत तिला ‘ए’ श्रेणी मिळाली, तेव्हा आम्हीच पेढे वाटले जी. पण चार वर्षं शिकून शेवटी दुकानांच्या पाट्याच रंगवायच्या असतील, तर...” वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आणि ते पुरे करण्याची आवश्यकताही नव्हती. ज्या घरात एक मुलगा अभियंता आहे आणि चुलतभावंडे पुण्यास किंवा बंगळुरास मोठ्या पगारावर आहेत, त्या घरातील पित्याची ही चिंता खोटी नव्हे. तिची टवाळी करण्यात शहाणपण नाही. म्हणून ‘पाहून सांगतो’ एवढेच उत्तर आम्ही त्या दिवशी दिले, आणि पुढील काही आठवडे ती मुलगी काय करते, हे खरोखरच पाहिले.

प्रथम या विद्येच्या नावाविषयी. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली स्थापन झाले. तेथे १९३५ साली व्यापारी कलेचा निराळा विभाग निघाला, आणि १९६१ साली त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. नागपुरातही लक्ष्मीनगरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. ‘व्यापारी’ म्हटले की कलावंतास कमीपणा वाटे, ‘उपयोजित’ म्हटले की सामान्य माणसास अर्थबोध होत नसे. आता सर्वच ‘ग्राफिक डिझाइन’ म्हणतात, आणि त्याने दोघांचेही समाधान होते. नाव कोणतेही असो, मूळ गोष्ट एकच आहे. चित्रकार आपल्या मनातील सांगतो. हा विद्यार्थी दुसऱ्याच्या मनातील तिसऱ्यास कळेल असे मांडतो. औषधाच्या बाटलीवरील सूचना, मतपत्रिकेवरील चिन्ह, रेल्वेच्या फलाटावरील नाव, पुस्तकाचे मुखपृष्ठ, किराणा दुकानाची पाटी, ही सर्व त्याचीच क्षेत्रे होत.

आता सक्करदरा. भोसल्यांच्या काळची बाग, तलाव आणि वाडा यांमुळे या भागास नाव मिळाले. ताजुद्दीन बाबा याच वाड्यात राजे रघुजीराव भोसल्यांच्या आश्रयास राहिले होते. १९२५ साली त्यांचे देहावसान झाले, आणि उमरेड मार्गावरील ताजबागेत आजही सर्व धर्मांचे लोक माथा टेकण्यास जातात. या रस्त्याने पाट्या पाहत चालले तर देवनागरी, उर्दू आणि रोमन अशा तीन लिप्या अर्ध्या कोसात भेटतात. देवनागरीतही पुन्हा दोन तऱ्हा. नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, आणि १९५६ पर्यंत हे शहर हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांच्या राज्याचे केंद्र होते. त्या सहवासाची खूण बोलण्यात जशी राहिली आहे, तशीच पाट्यांवरही राहिली आहे. मात्र ती दिसण्यास डोळा हवा. तो डोळा आमच्या या शेजारच्या मुलीस होता. तिने आम्हांस विचारले, “काका, आपल्या चौकात ‘ल’ दोन प्रकारचे आहेत, हे तुम्ही पाहिलं आहे का?”

आम्ही साठ वर्षे वाचन केले आहे, पण हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. मराठी वळणाचा ‘ल’ शिरोरेषेपासून एका आखूड देठाने लोंबतो, आणि त्याच्या दोन पाकळ्या दोहों बाजूंस पसरतात. हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. दोन्ही शुद्ध, दोन्ही सुंदर. पण प्रत्येकाचे घर निराळे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरात मराठीची प्रमाण वर्णमाला निश्चित करताना ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपेच प्रमाण धरली. असे असूनही नव्या पाट्यांवर दंडाचा ‘ल’ वाढत चालला आहे. तिने याचे कारण शोधून काढले होते. संगणकातील पुष्कळ अक्षरवळणांत दंडाचाच ‘ल’ प्रथम येतो. काही वळणांत दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे, असे यंत्रास सांगितले तरच देठाचा ‘ल’ पुढे येतो. आणि हे सांगायचे असते, हेच बहुतेकांस ठाऊक नसते.

तिची साधनाही आम्ही जवळून पाहिली. कलावंत म्हटला की तो रात्री जागतो, एकदम स्फुरण येते आणि पहाटे कृती सिद्ध होते, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. येथे तसे काही दिसले नाही. तिच्यापाशी एक जाड वही होती. रोज सकाळी महाविद्यालयास जाण्यापूर्वी एक रस्ता पायी चालायचा, एक पाटी निवडायची आणि ती वहीत उतरून घ्यायची. केवळ अक्षरे नव्हे, तर रस्त्याच्या कोणत्या बाजूने ती कितपत वाचता येते, कोणत्या अक्षराशी डोळा अडखळतो, हेही टिपायचे. मग घरी येऊन त्यातील एकच अक्षर पुनःपुन्हा लिहायचे. कधी ती कागद उलटा धरून पाही, कारण अक्षर उलटे धरले म्हणजे त्याचा अर्थ लपतो आणि आकार तेवढा उरतो; कोणती बाजू जड झाली, हे तेव्हाच कळते. कधी डोळे किलकिले करून पाही, म्हणजे दुरून वाचणाऱ्यास कोणती पोकळी बुजून जाईल, हे ध्यानात येते. संगीताच्या विद्यार्थ्याने एक पलटा शंभर वेळा घोटावा, तसाच हा प्रकार.

या साधनेत तिला एक गुरूही भेटला. बुधवार बाजाराच्या मागल्या बाजूस एक वृद्ध पेंटर राहतात. एके काळी या भागातील बहुतेक पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. गेल्या पंचवीस वर्षांत फ्लेक्सची छपाई आली आणि त्यांचे काम आटत गेले. आता क्वचित एखाद्या ट्रकच्या मागे किंवा शाळेच्या भिंतीवर ते ब्रश धरतात. खडूची भुकटी लावलेली दोरी ताणून शिरोरेषेची जागा कशी उठवावी, मनगटास काठीचा आधार कसा द्यावा, पूर्ण नाव पाटीत बसेल की नाही, हे रंग लावण्यापूर्वी नजरेने कसे मोजावे, हे त्यांनी तिला दाखविले. एकदा तिने रेखाटलेला ‘ल’ त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “अक्षराले बी पोट असते पोरी. त्याले जागा दे.” अक्षराच्या रेषेइतकीच त्यातील रिकामी जागा महत्त्वाची असते, हा सिद्धांत तिच्या पाठ्यपुस्तकात अनेक पृष्ठे व्यापून होता, या गृहस्थांनी तो दोन वाक्यांत सांगितला.

आता तो प्रसंग, ज्यामुळे आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नास उत्तर मिळाले. बाजाराजवळील एका किराणा दुकानाची पत्र्याची पाटी गंजून गेली होती. ती तीसेक वर्षांपूर्वी याच पेंटरांनी मालकांच्या वडिलांसाठी रंगविली होती. दुकानाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. त्यात ‘ल’ दोनदा येतो, एवढे पुरे. मालकांनी नवी पाटी फ्लेक्सवर छापून घेण्याचे ठरविले. छापणाऱ्याने संगणकावर नाव टंकित केले, पाठीमागे धान्याची रास आणि उगवता सूर्य बसविला, आणि तासाभरात नमुना हातात दिला. दोन्ही ‘ल’ दंडाचे. मुलीने मालकांस म्हटले, “दादा, तुमच्या बाबांच्या पाटीतला ‘ल’ असा नव्हता.” त्यावर ते हसून म्हणाले, “आमचं गिऱ्हाईक ‘ल’ पाहून येत नाही ताई, उधारी मिळते म्हणून येते.” उत्तर बिनतोड होते. तरीही ओळखीची मुलगी म्हणून त्यांनी तिला पुढल्या बुधवारपर्यंत मुदत दिली.

त्या आठ दिवसांत तिने अकरा नमुने काढले. पहिल्या काहींत चातुर्य पुष्कळ होते. एकात ‘ल’च्या पाकळ्यांची धान्याची पोती केली होती, दुसऱ्यात शिरोरेषेचा तराजू झाला होता. पाहताक्षणी वाहवा मिळावी असेच ते होते, आणि आमच्याकडूनही ती मिळाली. पण ती ते नमुने घेऊन रस्त्यापलीकडे उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांस वाचावयास सांगू लागली. तराजूच्या नमुन्यात नाव वाचण्यास लोकांस वेळ लागे. उमरेडकडून बाजारास आलेल्या एका वृद्ध बाईंनी तर कोणताच नमुना वाचला नाही; त्यांस वाचता येत नव्हते. परंतु जुन्या गंजक्या पाटीकडे बोट करून त्या म्हणाल्या, “थे दोन लोंबत्या अक्षरांचं दुकान नं?” ज्यांस अक्षरओळख नाही त्यांनीही त्या ‘ल’ला ओळखीची खूण करून ठेवले होते. मुलीने त्याच रात्री तराजू आणि पोती बाजूस ठेवली. स्वतःस प्रिय झालेली कल्पना वाचणाऱ्याच्या सोयीसाठी टाकून देणे, हा या विद्येतील कठीण धडा होय. तो तिला त्या बाईंनी शिकविला.

शेवटचा नमुना साधा होता. पेंटरांच्या ‘ल’चे वळण कायम, पाकळ्यांतील पोकळी थोडी मोकळी, शिरोरेषा सरळ, पिवळ्यावर काळे, मागे सूर्य नाही आणि रासही नाही. तो फ्लेक्सवरच छापला गेला. कारण रात्री मागून दिवा लावण्याची सोय मालकांस हवी होती, आणि ती मागणी रास्त होती. मालकांनी तिला पाचशे रुपये दिले. त्यातील अर्धे घेऊन ती पेंटरांकडे गेली. ते प्रथम घेईनात. मग नोटा हातात धरून म्हणाले, “आजवर रंगाचे पैसे घेतले पोरी. अक्षराचे आज पयल्यांदा भेटले.”

ही हकीकत आम्ही भावनेच्या भरात सांगत नाही. एका पाटीने काय होणार, असे कोणीही म्हणेल; आणि जुन्या पेंटरांचा व्यवसाय या एका पाटीने परत येणार नाही, हेही उघड आहे. आमचे म्हणणे निराळे आहे. त्या दुकानावर दंडाचा ‘ल’ लागणार होता, तो कोणी ठरविला होता? मालकांनी नाही, त्यांचे लक्षच नव्हते. छापणाऱ्याने नाही, त्याने नाव टंकित केले, जे आले ते घेतले. यंत्र करणाऱ्यानेही सक्करदऱ्याचा विचार केला नव्हता. म्हणजे मराठी मुलखातील एका अक्षराचे रूप बदलत होते आणि तो निर्णय कोणाचाच नव्हता. भाषेवर आक्रमण झाले तर आपण सभा भरवतो, ठराव करतो. पण अशा धन्यावाचून होणाऱ्या बदलास विरोध तरी कोणाचा करणार? तेथे उपयोगी पडतो तो ज्याने थांबून ‘हे असेच का?’ असे विचारले तो मनुष्य. जे आपोआप घडत आहे ते डोळसपणे ठरवून घेणे, हेच आमच्या मते या विद्येचे सार. अंती दंडाचाच ‘ल’ योग्य ठरला तरी हरकत नाही; तो कोणीतरी निवडलेला असावा.

कायद्याची गोष्ट घ्या. २०२२ साली महाराष्ट्राने दुकानांविषयीचा अधिनियम सुधारून लहान दुकानांसही देवनागरीत मराठी नाव लावणे सक्तीचे केले, आणि ते अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असू नये, असे बजावले. हेतू उत्तम. परंतु रोमनची मोठी अक्षरे एकाच मजल्यावर राहतात. देवनागरीस तीन मजले लागतात. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार, आणि मध्ये मुख्य अक्षर. सारख्याच उंचीच्या पट्टीत दोन्ही लिप्या बसविल्या तर देवनागरीचे मुख्य अक्षर आपसूक बारीक होते. कायद्याने उंची सांगितली. त्या उंचीत ते अक्षर सुखाने कसे नांदेल, हे सांगणे कायद्याचे काम नव्हे. ते काम वही घेऊन रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या या विद्यार्थ्यांचेच आहे.

आणि हे काम हलके आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी आपल्याच भाषेच्या इतिहासाकडे पाहावे. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या टंकांची कीर्ती देशभर झाली, त्यामागे राणोजी रावजी आरू यांचे कोरीव काम होते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पोथ्या, काव्ये आणि कोश वाचले ते त्यांच्या हातच्या अक्षरांत. पण आरूंचे नाव किती जणांस ठाऊक आहे? कमल शेडगे यांनी (१९३५-२०२०) मराठी नाटकांची नावे अशी लिहिली, की वृत्तपत्रातील जाहिरात पाहताच नाटकाची प्रकृती कळावी. र. कृ. जोशी यांनी (१९३६-२००८) आयुष्य देवनागरीच्या चिंतनात घालविले. संगणकावरील ‘मंगल’ हे अक्षरवळण त्यांचे, आणि असंख्य कचेऱ्यांतील कागद त्याच वळणात उमटले. अच्युत पालव यांनी मोडीच्या जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करून सुलेखनास नवे वळण दिले. २०२५ साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. दिल्लीकडे हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरील पेंटरांची अक्षरे संगणकात जतन करण्याचा उद्योग मांडला होता. २०२४ साली ते अकाली निवर्तले, पण त्यांनी दाखविलेली वाट खुली आहे. मोठे अक्षरकार वरून उतरत नाहीत. ते पाट्या, जाहिराती आणि जुनी दप्तरे यांतूनच वर येतात.

एक शंका उरते, आणि ती आमच्या स्नेह्यांनीही काढली. आता आज्ञा देताच क्षणात चित्र काढून देणारी यंत्रे निघाली आहेत. मग या मुलीच्या वहीस काय किंमत? आम्ही भविष्यवेत्ते नव्हे. पुष्कळ कामे जातील, हे दिसतच आहे. फ्लेक्सने पेंटरांची नेली, तशी ही यंत्रे फ्लेक्सवाल्यांची नेतील. या मार्गात पैसा उशिरा येतो आणि सर्वांस येतोच असे नाही, हेही आम्ही त्यांच्यापासून लपविले नाही. परंतु यंत्र जितके वेगाने अक्षरे ओतू लागेल तितकी ‘हे असेच का?’ म्हणणाऱ्याची गरज वाढेल, कमी होणार नाही. रस्ता ओलांडून निरक्षर बाईंस विचारण्याची बुद्धी यंत्रास कोणी तरी द्यावी लागते. ती आधी त्या कोणास असावी लागते.

म्हणून आम्ही स्नेह्यांस उत्तर दिले ते असे: “होय, ती पाट्याच रंगवील. तिला रंगवू द्या. तिच्या वहीस घरात एक टेबल आणि एक दिवा द्या, आणि पुढल्या वेळी तिच्याबरोबर बाजारात जाल तेव्हा भाजीची पिशवी हातात घेऊन क्षणभर वर पाहा.” ते काही बोलले नाहीत. पण परवा चौकातील औषधांच्या दुकानासमोर ते मान उंचावून उभे दिसले, आणि आम्हांस पाहताच म्हणाले, “यांचा ‘श’ही बदलला आहे हो.”